मलगोंडाचा पट्टा

आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर शौचाची पिशवी आली, तरी सिद्रामचं हळदीची पोती उचलणं काही सुटलं नाही. पिशवी सावरून धरणारे, अंगाच्या हालचालीप्रमाणे आपोआप आवळणारे तीन पट्टे दुकानदारानं पुढ्यात टाकले.

"नव्या पट्ट्यांना तुमचं अंग शिकायला महिना लागेल, मामा. हा तिसरा पोती उचलायला शिकलेला आहे. मलगोंडाचा. तो गेल्यावर बायकोनं परत आणून दिला."

"वीस वर्षं जोडीनं पोती उचलली आम्ही," सिद्राम दमल्या आवाजात म्हणाला. "द्या तोच."

दुसऱ्या दिवशी गोदामात पट्टा पोतं उचलताना बरोबर आवळत होता, ठेवताना सैल होत होता. चार वाजता मात्र सैल झाला तो पुन्हा आवळेचना.

मलगोंडाची चहाची वेळ झाली होती.

सिद्राम थप्पीला टेकून बसला आणि शेजारी माणसापुरती जागा सोडली.