आगाऊ दोन मिनिटं

नागपूरच्या रिंकवर आइस हॉकीचा सामना संपायला चार मिनिटं उरली होती आणि बचावपटू हेमंत गावंडेंना अजून एकही शिक्षा झालेली नव्हती. एकोणीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. खेळाडूच्या अंगात दांडगाई शिजायला लागली की पंचयंत्राला ती कळायची आणि फाउल व्हायच्या आधीच ते त्याला दोन मिनिटं बाहेर बसवायचं. गावंडेंना तर सुरुवातीच्या शिट्टीबरोबरच बसवायचं. आज मात्र यंत्र गप्प होतं. प्रशिक्षकांनी सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं, "भाऊ, यंत्र ज्याला भीत नाही, त्याला पुढच्या मोसमात ठेवून काय करू?"

"काका, तब्येत बरी नाही का?" अकोल्याचा आघाडीपटू शेजारून सरकत म्हणाला. "आज यंत्र तुमचं नावच नाही घेऊन राहिलं!"

गावंडेंनी उरलेले चार दात दाखवून हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात भोंगा वाजला.

"गावंडे! दोन मिनिटं बाहेर!"

सगळं रिंक उठून टाळ्या वाजवू लागलं. गावंडेंनी त्या अकोल्याच्या पोराच्या हेल्मेटवर प्रेमानं टपली मारली आणि काठी नाचवत ते शिक्षेच्या बाकाकडे निघाले.

"अहो, काय करणार होते तुम्ही?" काचेपलीकडून बायकोनं, कांचननं, ओरडून विचारलं.

"मला काय माहीत!" गावंडे बाकावर ऐसपैस बसत म्हणाले. "पण करणार होतो ना!"