इलोनाचं पुढे काय झालं

"म्हणजे इलोनानं घरी अजून सांगितलंच नाही?" अक्षतानं विचारलं.

"छे! कारखाना बंद पडला, तरी बाई रोज डबा घेऊन ट्रामनं निघते. दिवसभर बुडापेस्ट पालथं घालते आणि संध्याकाळी दमून घरी," हिंमतरावांनी पुस्तक मिटलं. "चहा टाकतो."

कंपनीनं हिंमतरावांना तरुणपणी यंत्रं शिकायला हंगेरीत पाठवलं होतं. यंत्रं भंगारात गेली, भाषा तेवढी राहिली. शनिवार पेठेत एकट्या म्हाताऱ्याला हंगेरियनचा उपयोग काय, कपाळ! पण वाचनालयात ही अमरावतीची मुलगी भेटली. हिंजवडीत नोकरीला. तेव्हापासून दर रविवारी ती यायची, आणि कम्युनिस्ट राजवट गेल्यावर बुडापेस्टच्या माणसांचं काय झालं, ते हिंमतराव कादंबरी समोर धरून तिला मराठीत सांगायचे.

फक्त एक भानगड होती. कादंबरी दिवाळीतच संपली होती. तसं सांगितलं तर पोरगी पुन्हा येणार कशाला? म्हणून पुढचं सगळं ते मनानंच रचत होते. आठवडाभर ज्याच्या दाराची बेल वाजत नाही, त्यानं दुसरं काय करावं?

"मंदीमुळे माणसं काढतायत म्हणे तुमच्या तिकडे," कप देत ते म्हणाले.

"आमच्याकडे नाही हो, काका. उलट मला बुडापेस्टला पाठवतायत. आजच निघायचंय." तिनं दाराशी ठेवलेल्या मोठ्या बॅगेकडे बोट दाखवलं.

हिंमतरावांनी बॅगेकडे पाहिलं. रविवार तर गेलाच. वर ही तिथे कुणाला तरी या पुस्तकाबद्दल विचारणार, आणि म्हातारा थापाड्या होता म्हणणार. ते त्यांना सोसवेना.

"अक्षता, रागावू नकोस. इलोनाचं ते डब्याचं, फिरण्याचं, सगळं मी रचलंय. तू यायची थांबशील म्हणून. पुस्तकात काम सुटल्यावर ती सरळ गावी आईकडे जाते."

अक्षता रागावली नाही. तिनं कप खाली ठेवला.

"मग आई काय म्हणते?"

"आई? काही नाही. हातपाय धू, म्हणते. पान वाढते."

"एवढंच?"

"एवढंच."

ती वाकून त्यांच्या पाया पडली. हिंमतराव बॅग उचलायला धडपडले, तिनं उचलू दिली नाही. मग त्यांनीच रिक्षा थांबवली आणि चालकाला बजावलं, "विमानतळ. मीटरनंच न्या, परदेशी चालली आहे ती." रिक्षा वळेपर्यंत ते हात हलवत उभे होते.

कोपऱ्यापलीकडे अक्षता पुढे झुकली.

"दादा, विमानतळ नको. अमरावतीच्या गाड्या सुटतात तिथे सोडा."

मग तिनं फोन लावला.

"आई, मी घरी येतेय. माझी नोकरी गणपतीतच गेली गं."