दुसरी सही

अभयारण्याच्या नोंदवहीत दोघांनी पाहिलेलाच पक्षी चढायचा, म्हणून निवृत्त पोस्टमास्तर दर रविवारी बायकोला घेऊनच तळ्याकाठच्या मचाणावर यायचे. काळ्या करकोच्यासाठी ते अकरा हिवाळे तिष्ठले होते. आज तो समोरच्या चिखलात उतरला, तेव्हा त्यांना जागेवर बसवेना. "अगं, तो बघ, वठलेल्या झाडाच्या डावीकडे. दिसला?" दुर्बीण डोळ्यांना लावून ती लगेच म्हणाली, "दिसला की. काय देखणा आहे हो." सहीसाठी पेन पुढे करताना त्यांची नजर तिच्या दुर्बिणीवर गेली. भिंगांवरची झाकणं तशीच होती. त्यांनी मागची पानं भराभर चाळली. पावसाळ्यापासून तिची प्रत्येक सही ओळीखाली घसरलेली होती. "अहो, सही कुठे करू?" "राहू दे," वही मिटत ते म्हणाले, "साधा पाणकावळा आहे." करकोचा अजून उभाच होता. "मला वाटलंच," ती म्हणाली.