चारशे सतरा व्हायरस

भाऊजी सकाळपासून वहिनींच्या कॉम्प्युटरसमोर पत्ते खेळत ठाण मांडून बसले होते.

"अहो भाऊजी, संध्याकाळपर्यंत अनुवाद पाठवला नाही, तर हे काम माझ्या हातचं जाईल!" वहिनींनी तिसऱ्यांदा विनवलं.

"हा शेवटचा डाव!" भाऊजींनी मान वर न करताच सांगितलं.

चहाचा रिकामा कप स्वयंपाकघरात ठेवून ते परतले, तर स्क्रीन लालभडक! 'धोका! ४१७ व्हायरस सापडले. कशालाही हात लावू नका. ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा.'

"असल्या भामट्यांना मी पुरता ओळखून आहे. थांबा वहिनी, याला आता असा झापतो!" म्हणत भाऊजींनी खिशातून मोबाइल काढला आणि तावातावाने एकेक आकडा दाबला.





शेवटचा आकडा पडताच मोबाइलवर नाव झळकलं: 'वहिनी'.