माळेतलं शेवटचं पाकीट

"वहिनी, वेफर्सच्या माळेतल्या ह्या शेवटच्या पाकिटात सायकलचं कूपन आहे. बडबड्या गिऱ्हाइकाला द्या. गावभर बोभाटा झाला तरच माल खपेल, नाहीतर तुम्हाला दिलेला कंपनीचा फ्रीज उचलून नेईन," असं बजावून सेल्समन समोरच्या टपरीवर जाऊन बसला.

दुकानात सगुणा सरपंचांच्या बडबड्या पोराची वाट पाहत होती. पण आधी आली तेजल. लांबच्या वाडीवरून रोज शाळेला चालत येणारी, अबोल. तुटकी चप्पल तिच्या हातात होती. सेल्समनने लांबूनच मान हलवून नको म्हटलं. सगुणाचा हात माळेवर थबकला, आणि मग तिने शेवटचंच पाकीट तोडून दिलं.

तेजलने ते फोडलं. कूपन वाचताच तिचा चेहरा उतरला.

"मावशी, सायकल लागली," ती कुजबुजली. "कुणाला सांगू नका. दादा काढून घेईल."

सगुणा दुकानाबाहेर आली आणि जन्मात ओरडली नव्हती एवढ्या मोठ्याने ओरडली, "अहो, ऐकलंत का! तेजलला सायकल लागली! तेजलला!"

माणसं धावत आली, वेफर्स मागू लागली. तेजल रडवेली झाली. "का सांगितलंत, मावशी?"

"अगं वेडे, आता अख्ख्या गावाला ठाऊक आहे सायकल कुणाची. बघू कोण हात लावतो!"