उसनी वेदना

रविवारी दुपारी मिरजेतल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत, घरी आजारी माणूस असलेली मंडळी जमली होती. रोहिणी गुरव खूप दिवसांनी निवांत चहा पीत होती. तिच्या नवऱ्याला, मधुकरला, हाडांचा कॅन्सर होता. दवाखान्यातून मिळालेली पट्टी तिनं स्वतःच्या मनगटावर बांधली की त्याचं दुखणं तिच्या अंगात येई आणि दवाखान्यात त्याला तेवढा वेळ झोप लागे.

आज ती पट्टी याकूब मुजावरांनी मागून घेतली होती. त्यांची बायको मागच्या वर्षी गेली, तरी ते इथे येत राहिले होते.

"वहिनी, तासभर मी सोसतो. तुम्ही जरा बसा," म्हणत ते खिडकीपाशी दात आवळून बसले होते.

रोहिणी शेजारणीला सांगत होती, "काल शिरा मागितला ह्यांनी. गोड कमी पडलं म्हणून रुसले!" दोघी हसल्या.

तेवढ्यात याकूबभाईंचं दुखणं एकाएकी थांबलं. बायको गेली तेव्हाही ते असंच थांबलं होतं. ते उठून रोहिणीसमोर आले.

तिनं त्यांचा चेहरा पाहिला. त्यांच्या मनगटावरची पट्टी ओढून काढली आणि स्वतःच्या हाताला बांधली. कुठेच काही दुखत नव्हतं.

"त्यांना त्रास झाला नाही, वहिनी. झोपेतच गेले. सगळं माझ्याकडे होतं."

"इतके महिने मी सोसलं हो," रोहिणी म्हणाली, "आणि नेमकी आज मी हसत होते."