फट

फ्रीजचं दार उघडताना ‘फस्स’ असा आवाज झाला आणि एवढ्या धाकधुकीतही मिस्त्रींना बरं वाटलं. असा आवाज आला की समजावं, दाराचं रबर नीट बसलंय. जन्मभर त्यांनी लोकांचे फ्रीज दुरुस्त केले होते आणि शेवटी कान या आवाजाकडेच लावला होता.

आत बल्ब जळत होता. छोटा पंखा फिरत होता. वाटीतल्या पाण्याची वाफ त्यांच्या चष्म्यावर धरली. त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला, परत घातला आणि वाकून पाहिलं.

“काय हो, पिल्लं आली का बाहेर?” पलंगावरून बायकोनं विचारलं.

मिस्त्रींनी मान आणखी आत घातली.

“अहो, सांगा तरी! किती आहेत?”

एकही नव्हतं. अंडी ठेवली तशीच होती. दोन-तीन अंड्यांना बारीक तडा गेला होता. एकाला भोक पडलं होतं आणि त्यातून चोचीचं टोक दिसत होतं. टोक हलत नव्हतं.

तांबडी कोंबडी या अंड्यांवर बसली असतानाच कुत्र्यानं तिला उचललं होतं. बायको तेव्हा नुकतीच दवाखान्यातून घरी आलेली, छातीनं पार बेजार. जेवण नको, औषध नको, बोलणंही नको. “तांबडीची पिल्लं तेवढी बघितली असती,” एवढंच काय ते म्हणाली. मिस्त्रींना तेवढं पुरलं. मोडीत काढलेला एक फ्रीज होताच. त्याचं पोट रिकामं करून त्यांनी आत बल्ब लावला, ऊब कायम राहावी म्हणून इस्त्रीतला थर्मोस्टॅट जोडला, तापमानाचा काटा बाहेर लावला आणि अंडी आत ठेवली. त्या दिवसापासून बाई दोन घास जास्त खायला लागली. पिल्लं बघायची तर अंगात ताकद नको का, म्हणायची.

रबर मात्र त्यांनी नवं कोरं घातलं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सुटून आली, तर रबर बाद. मिस्त्रींनी चारी बाजूंनी पट्टी ओढून पाहिली. कागद फाटला, सुटला नाही. मुंगीला शिरायला जागा नव्हती. उरलेलं रबर त्यांनी पलंगाशेजारच्या खिडकीला चिकटवून टाकलं, बायकोच्या छातीला वारा लागू नये म्हणून.

रोज अंडी फिरवायला ते दार उघडायचे. परवा उघडलं, तर अंड्यांच्या आतून चिवचिव! एक अंडं बायकोच्या कानाशी नेलं, तर ती चक्क हसली. मग म्हणाली, “आता पिल्लं निघेपर्यंत उघडायचं नाही हं. वाफ गेली की पिल्लू आतल्या पडद्याला चिकटतं. कोंबडी तरी उठते का अशा वेळी?”

उघडायचं नाही म्हटल्यावर मिस्त्रींनी उघडलं नाही. स्टूल टाकून शेजारी बसून राहिले. मधूनमधून दाराला कान लावायचे. काही ऐकू यायचं नाही, पण त्याची त्यांनी काळजी केली नाही. चांगल्या दारातून आवाजही येत नसतो.

आता त्यांनी अंडी टॉवेलात घालून बायकोच्या मांडीवर आणून ठेवली. तिनं एकेक उचलून कानाला लावलं.

“गरम आहेत की,” ती म्हणाली.

“असणारच. काटा जरा हलू दिला नाही मी. पाणी होतं, ऊब होती. सगळं होतं गं.”

“आणि हवा?”

“पंखा लावलाय ना आत.”

“तो आतलीच हवा फिरवणार. बाहेरची कुठून येते?”

“बाहेरची आत आली, तर मग काम कसलं ते...” मिस्त्री म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर दाराच्या नव्या रबरावर गेली.

बायकोनं हातातलं अंडं टॉवेलात ठेवलं.

“अंडी फिरवायला उघडत होता, तेव्हा मिळत असेल,” बायको हळूच म्हणाली. “मग मीच म्हटलं, उघडू नका.”

“तुझं काय त्यात?” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी भोक पडलेलं अंडं घेतलं आणि नखानं कवच सोललं. पिल्लू ओलं होतं, गरम होतं, पुरं झालेलं होतं. पायांना नखंसुद्धा होती. तळहातावर धरून त्यांनी चोचीवर फुंकर घातली. अंगावरची लव हलली. त्यांनी फुंकर थांबवली, लवही थांबली. पुन्हा घातली, पुन्हा थांबवली. शंभर फ्रीज उघडून जोडणारे हात, पण आता पुढे काय करायचं ते त्या हातांना कळेना. त्यांना रडू आलं.

बायकोला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ती म्हणाली, “खिडकी जरा उघडता का हो?”

हे ती रोजच म्हणायची आणि मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असायचं, वारा लागेल. आज मात्र पिल्लू तिच्या ओंजळीत ठेवून ते उठले आणि खिडकी ओढली. रबर चौकटीला धरून बसलं होतं. त्यांनी दोन्ही हात लावले, भिंतीला पाय दिला, दात आवळून ओढलं. खिडकी जागची हलली नाही.

“राहू द्या,” ती म्हणाली. “खांदा दुखेल.”

ते ओढतच राहिले.

बायकोनं ओंजळ मिटून घेतली. गिऱ्हाईक दुरुस्त झालेला फ्रीज न्यायला आलं की म्हणायची, तशीच कौतुकानं म्हणाली, “तुमचं काम पक्कं असतं हो.”